बादलीची लेक

विजामावशींच्या काही सवयी अशा आहेत.

दार उघडण्याआधी त्या खोकतात. दार घरचं असो, की पिंजऱ्याचं.

केळं सोलण्याआधी त्याचं देठ नाकाला लावतात. वास बरोबर असला तर केळं पिल्लांना. नसला तर कार्यालयात.

चहा बशीत ओततात, फुंकतात आणि बशी शेजारच्याला देतात. स्वतः कपातला गारढोण चहा पितात.

समोर कुणी बसलं की त्यांची दोन बोटं आपोआप त्याच्या डोक्यात जातात. केस फाकवायचे, बघायचं, पुढे सरकायचं. मागच्या वर्षी तपासणीला आलेल्या एका मोठ्या साहेबांच्या डोक्यात असाच हात गेला.  साहेब डोळे मिटून पंधरा मिनिटं बसून राहिले. तपासणी उत्तम झाली.

राग आला की त्या दात करकर वाजवतात. हे त्या वानरांकडून शिकल्या की वानरं त्यांच्याकडून, याबद्दल केंद्रात दोन मतं आहेत.

आणि त्या बादलीशी बोलतात. ही सवय जन्माची नाही. तिला कारण आहे. त्या कारणाला शेपूट आहे.

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं, लोहारा मागे पडलं, की डाव्या हाताला एक बोडकी टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी अनाथ वानरपिल्लांचं केंद्र आहे. आठ खोल्या, पाण्याचं एक टाकं, एक कडुनिंब आणि डॉक्टर गौरी. गाडीखाली आलेल्या, विजेच्या तारेला चिकटलेल्या वानरिणींची पिल्लं इथे येतात. त्यांना वाढवायचं आणि पुन्हा कळपात सोडायचं, एवढंच केंद्राचं काम.

विजयमाला रामराव गावंडे इथे कामाला आल्या नव्हत्या. भांडायला आल्या होत्या. त्याला सहा वर्षं झाली.

“मॅडम, तुमचे वानेर आमची तूर खाऊन राह्यले.”

“मावशी, ते आमचे नाहीत. टेकडीवरचे आहेत.”

“मंग तुमी अठी काय पोसून राह्यल्या? बकऱ्या?”

त्या वेळी गौरीच्या हातात चार दिवसांचं एक पिल्लू होतं. दोन दिवस ते बाटली तोंडात धरत नव्हतं. मावशींनी भांडता भांडता ते घेतलं, पदराखाली धरलं, करंगळी दुधात बुडवून त्याच्या टाळूला लावली आणि भांडण पुढे चालू ठेवलं. तुरीचा विषय संपेपर्यंत पिल्लू चोखायला लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी कामावर.

रामरावांना हे आजवर पटलेलं नाही. “दिवसा वानेर पोसते आन् संध्याकाळी माह्यासंग वावरात वानेर हाकलते,” ते पारावर सांगतात. “असं घर कुठी पाह्यलं का?”

“पोसलेलं पोट्टं टायमावर हाकलाव लागते,” मावशी म्हणतात. “तुमच्या मायनं तुमाले हाकललं असतं तर आज काही बनले असते.”

केंद्राचे नियम मोजके आहेत. पिल्लासमोर बोलायचं नाही. त्याला नाव ठेवायचं नाही, नंबर द्यायचा. त्याचा पापा घ्यायचा नाही. दूध पाजताना डोक्यावरून काळी घोंगडी पांघरायची, म्हणजे त्याला माणसाचा चेहरा नाही, केसाळ ऊब तेवढी लक्षात राहते.

कारण गौरीने समजावून सांगितलं होतं. माणसाचा आवाज ज्याला आईचा वाटतो, ते वानर मोठं झालं की कळपाकडे जात नाही. चहाच्या टपरीवर जातं. तिथे कुणी त्याला बिस्कीट देतं, कुणी दगड मारतं, आणि एक दिवस कुणी साखळी घालतं.

मावशींना हे पटलं होतं. पहिल्या सहा पिल्लांच्या वेळी त्यांनी तोंडाला पदर बांधून काम केलं. त्यातली चार कळपात गेली. दोन राहिली नाहीत. त्या दोघांबद्दल मावशी बोलत नाहीत. केंद्राच्या मागे दोन दगड आहेत, तिथला पाला रोज सकाळी झाडतात.

सातव्या वेळी नियम मोडला. त्याची सुरुवात एका तेरवीने झाली.

जानेवारीचे दिवस होते. दारव्ह्याकडच्या एका गावाजवळ कापसाच्या ट्रकखाली एक वानरीण आली. पोटाशी महिन्याभराचं पिल्लू होतं, ते वाचलं. गावाने वानरिणीला भगवं वस्त्र पांघरलं, भजन म्हणत मारुतीच्या देवळामागे नेलं, खड्डा करून पुरलं. पिल्लू देवळात ठेवलं. तेरवी तिसऱ्याच दिवशी करायचं ठरलं, कारण कापूस वेचणीला आला होता आणि तेराव्या दिवशी कुणाला सवड नव्हती.

फोन सरपंच बबिताताईंनी केला. “मॅडम, काल पिल्लू चहा पेत होतं. आज तेही पेत नाही.”

गौरी आणि मावशी पोचल्या तेव्हा मांडव पडला होता. कर्ण्यावर भजन चालू होतं. एका कढईत बुंदी पडत होती. देवळाच्या पायरीवर एका परातीत फुलं, पेढे आणि मधोमध ते पिल्लू. मान टाकलेलं.

देवस्थान समितीचे अध्यक्ष अनंतराव पुढे आले. पांढरी टोपी, हात जोडलेले.

“पिल्लू देतो ना मॅडम. पण तेरवी झाल्यावर. पोरगा हजर पाहिजे. मुंडन झाल्याबिगर मायले गती नाही.”

गौरीने बाजूला पाहिलं. न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. त्याचा चेहरा पडला होता. इतक्या केसांत डोकं नेमकं कुठे संपतं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

“काका, हे पिल्लू तासाभरात मरेल,” गौरी म्हणाली.

“तासाभरात उरकतो आम्ही.”

मावशी खोकल्या. मग परातीजवळ जाऊन वाकल्या. “जरा पाहू द्या मले पोराले.” त्यांनी पिल्लू उचललं, शेपूट वर केलं आणि पुन्हा खाली सोडलं.

“अध्यक्षसाहेब.”

“बोला बाई.”

“पोट्टी हाये.”

 बुंदीचा झारा हवेत थांबला.

“नीट पाहा,” अनंतराव म्हणाले.

“तीन लेकरायची माय हाओ मी. अजून किती नीट पाहू?”

“तर काय झालं?” बबिताताई मध्येच म्हणाल्या. “आता पोरीबी अग्नी देतेत. पाणी पाजतेत.” त्या मनापासून म्हणाल्या, पण वेळ चुकली. दोघातिघांनी माना डोलावल्या. अनंतरावांचाही चेहरा उजळला.

मावशी त्यांच्याकडे वळल्या. “देतेत ना ताई. द्यालेच पाहिजे. पण मुंडन करतेत का?”

न्हाव्याने वस्तरा मिटला आणि खिशात घातला. चर्चा संपली ती तिथे.

मात्र जेवल्याशिवाय लेकीला जाऊ द्यायला गाव तयार नव्हतं. मावशी पंगतीत बसल्या. पिल्लू मांडीवर. गौरी शेजारी बसून त्याला थेंबथेंब औषधाचं पाणी पाजत होती. त्याच्या नावाने वाढलेली पत्रावळ मावशींनीच संपवली, कारण ती तशीच उठली तर अपशकुन, असं अनंतरावांचं म्हणणं होतं. निघताना बबिताताईंनी मावशींची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. दोन बायकांनी डोळे पुसले.

“नीट सांभाळजा,” अनंतराव म्हणाले. “आमच्या गावची हाये.”

जीपमध्ये गौरीने घोंगडी मावशींच्या डोक्यावर टाकली. “मावशी, आता बोलायचं नाही हं.”

मावशींनी मान हलवली. घोंगडीतून ढेकर आली.

तिला सात नंबर मिळाला. सात नंबरची खोली, सात नंबरची बाटली. पण सात नंबर दूध पीत नव्हती. एक दिवस गेला. दुसरा अर्धा गेला. मावशी घोंगडी पांघरून मुक्या बसून होत्या. पोरगी त्यांच्या पोटाला चिकटून थरथरत होती आणि डोळे मोठे करून कोपऱ्याकोपऱ्याकडे बघत होती.

दुपारी मावशींचा पाय बादलीला लागला. निळी प्लास्टिकची बादली, काठाला चीर गेलेली. धाडकन आडवी झाली, गडगडत भिंतीला आपटली. आवाज घुमला, आणि पोरगी चोखायला लागली. बादली थांबली तशी तीही थांबली.

मावशींना उमगलं. आई गेली त्या घटकेपासून या पोरीने शांतता ऐकलीच नव्हती. तीन दिवस भजन, कर्णा, टाळ, बायकांचा गलका. तिच्या लेखी जग म्हणजे आवाज. शांतता झाली की तिला वाटत होतं, सगळेच गेले.

आता पेच पडला. बोललं नाही तर पोरगी मरते. बोललं तर नियम मोडतो. मावशींनी दोन मिनिटं विचार केला. मग त्यांनी बादली उभी केली, समोर ओढली आणि तिच्यात तोंड घालून सुरुवात केली.

“काय वं बादले. कशी हायेस? मी बरी हाओ. काल सोनूचा फोन आलता पुण्याहून. म्हणे आई, इथी ये राह्याले. म्या म्हटलं, तुह्या घरी हात लांब केला तर भिंतीले लागते बाप्पा. आन् आमचे बुढे, त्यायचं घोरणं ऐकशीन तर चीर पडन तुले. पडलीच हाये म्हणा...”

आवाज बादलीतून घुमून, भरदार होऊन बाहेर येत होता. पोरीने अख्खी बाटली संपवली.

गौरीला हे चौथ्या दिवशी कळलं. ती खोलीच्या दाराशी आली तर आतून मावशींचा अखंड आवाज. सून, सोयाबीन, गुडघेदुखी, शेजारच्या रुक्माबाईने न विचारता नेलेली पायली.

“मावशी, कुणाशी बोलताय?”

“बादलीसंग.”

“पिल्लासमोर बोलायचं नाही, ठरलंय ना आपलं?”

“पिल्लासंग कुठी बोलून राह्यली मी? तोंड पाहा ना माहं कुठी हाये ते. बादलीसंग बोलाले बंदी हाये का?”

 नियमांत बादलीचा उल्लेख नव्हता. गौरीने बादली उचलून नेली. संध्याकाळी वजन केलं तर सात नंबरचं वजन घटलं होतं. सकाळी तिने स्वतःच बादली परत आणून ठेवली आणि निघून गेली. यवतमाळच्या शिकल्या-सवरल्या घरातली मुलगी. हार मानायची तर तीही नीटनेटकी मानते.

मार्च गेला, एप्रिल गेला. सात नंबर खोलीभर उड्या मारू लागली. तिचा पिंगट चेहरा काळा पडला, अंगावरचे केस चांदीसारखे झाले. पळसाची फुलं, वडाचे कोंब, बाभळीच्या शेंगा, सगळं ओळखू लागली. मावशी रोज बादलीला सगळी खबर देत होत्या.

मग पत्र आलं. मोठ्या शहरातल्या एका प्राणिसंग्रहालयात जागा रिकामी झाली होती. सहा महिन्यांपर्यंत जे पिल्लू कळपात जात नाही, ते पुढे जात नाही, हा सगळीकडचा अनुभव. म्हणून एकतीस मेपर्यंत सात नंबर कळपात गेली तर ठीक. नाही तर पिंजरा तयार आहे.

“केवढा हाये पिंजरा?” मावशींनी विचारलं.

“चांगला मोठा आहे. झाड आहे आत.”

“किती झाडं?”

“एक.”

“कोणतं?”

“सिमेंटचं,” गौरी म्हणाली.

मावशींनी दात वाजवले.

टेकडीवर एक कळप होता. तेवीस जण, त्यांचा म्होरक्या एक दांडगा नर. गावात त्याला हुप्प्याच म्हणतात. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला सगळे टाक्यावर पाणी प्यायला उतरत. वानरिणींना दुसरीचं पिल्लू मांडीवर घेण्याची भारी हौस असते. एकीने घेतलं की झालं. गौरीचा सगळा भरवसा त्यावर होता.

रामरावांना मात्र हे स्थळ पसंत नव्हतं.

“ह्या कळपात देतं पोट्टी?” ते म्हणाले. “हेच ना ते, आपली तूर खाल्ली? चोर लोक हायेत. आन् तो हुप्प्या लय तापट. मागच्या साली माह्या टोपीवर बसला.”

“तुमची टोपी पाहून कोणालेबी राग येते.”

“दुसरा कळप पाह्य. बाभुळगावकडं चांगले वानेर हायेत म्हणते.”

“वीस दिवस राह्यले. आता कुठी चौकशी करत बसता?”

पहिला प्रयत्न अकरा मेला झाला. आठवडाभर सात नंबरला टाक्याशेजारी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं, कळपाला दिसावी म्हणून. तीन वाजता कळप उतरला. दोन वानरिणी जाळीजवळ येऊन बसल्या. गौरीने दोरी ओढली, दार उघडलं. सात नंबर बाहेर आली. तिने डावीकडे पाहिलं. वानरिणी होत्या. उजवीकडे पाहिलं. कडुनिंबाखाली घोंगडी पांघरलेल्या मावशी होत्या. 

सात नंबर सरळ धावत गेली आणि टाक्याजवळ पडलेल्या निळ्या बादलीत जाऊन बसली.

कळपाने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो निघून गेला.

गौरीने बादलीकडे पाहिलं. “मावशी,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही घोंगडीत. चेहरा नाही. आवाज बादलीतून. चार महिने.”

“मंग?”

“तिला वाटतंय, तिची आई बादली आहे.”

मावशी उठल्या. घोंगडी अंगावरून घसरली. “दूध म्या पाजलं. जुलाब म्या काढले. पयला महिना रातच्या रात माह्या पोटावर झोपली. आन् माय कोण? बादली?”

“तसं दिसतंय.”

“काय केलं वं ह्या बादलीनं? एक रात तरी उठली का हे?”

त्या दिवशी मावशी घरी जाईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. बादलीशी तर नाहीच. घरी रामराव खाटेवर वाटच बघत होते.

“गेली का सासरी?”

“नाही.”

“काहून?”

मावशींनी सांगितलं. रामराव इतके हसले की त्यांना उठवून पाणी पाजावं लागलं. मग त्यांनी मावशींचा चेहरा पाहिला. म्हणाले, “आपला सोनूबी लहानपणी तुह्याहून जास्त रेडिओपाशी राह्यचा.”

हे सांत्वन होतं. मावशींना ते तसं वाटलं नाही.

दुसऱ्या प्रयत्नात बादली कुलपात ठेवली. सात नंबरने जो आकांत मांडला, तो ऐकून कळप टाक्यापर्यंत आलाच नाही. रामराव मात्र वावरातून धावत आले, कोण मेलं बघायला. ती दोन दिवस काही खाईना. बादली कुलपाबाहेर काढावी लागली.

एकोणतीस तारखेला संग्रहालयाच्या गाडीचा फोन आला. परवा सकाळी निघतो म्हणाले. गौरीने “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. मावशी समोरच बसल्या होत्या. त्यांनी गौरीच्या डोक्यात बोटं घातली. 

“मॅडम,” मावशी म्हणाल्या, “आपण दोघी येड्या हाओ.”

“का?”

“ते पोट्टी बादली सोडून येत नाही. मंग बादलीच सासरी नेऊ ना.”

“आणि?”

“आन् बादलीनं बोलाव नाही.”

गौरीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “ती हाक मारेल मावशी. तुम्ही उत्तर दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही.”

“हो ना,” मावशी म्हणाल्या. “तेच पाहाव लागन मले.”

तीस तारखेला ऊन असं होतं की टाक्याच्या भिंतीला हात लावता येत नव्हता. कळप दुपारी टेकडीच्या उतारावर एका जुन्या चिंचेखाली बसतो. मावशी अडीच वाजता घोंगडी पांघरून, बादली उचलून उतार चढल्या. बादलीत सात नंबर. गौरी दुर्बीण घेऊन खालच्या झुडपात. कळप नुसता बघत होता. चिंचेपासून वीस पावलांवर मावशींनी बादली ठेवली. मागे सरकल्या आणि एका मोठ्या दगडाआड बसल्या.

हुप्प्या उठला. चार पावलं पुढे आला आणि दात करकर वाजवले.

दगडाआडून उत्तर आलं. करकर. ते बोलणं नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होतं. हुप्प्या थबकला. समोरून कधी कुणी असं बोललं नसावं. तो पुन्हा जागेवर जाऊन बसला आणि दुसरीकडे बघू लागला.

मग बादलीतून बारीक आवाज आला. सात नंबरने आईला हाक मारली होती.

बादली काही बोलली नाही.

तिने पुन्हा हाक मारली. मावशींनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. गौरीने दुर्बिणीतून ते पाहिलं, आणि मग दुर्बीण पिल्लाकडे वळवायला तिला थोडा वेळ लागला. तिसरी हाक. चौथी. पोरगी बादलीत गोल गोल फिरत होती, तळाला हात आपटत होती, जणू म्हणत होती, सोयाबीनचं सांग, सुनेचं सांग, काहीही सांग. मावशी दगडाआड डोळे मिटून बसल्या होत्या. घोंगडी हलत होती.

कितवी हाक कुणास ठाऊक. चिंचेखालून एक म्हातारी वानरीण उठली. एका कानाचा तुकडा तुटलेली. रमत गमत आली, जणू आपण दुसऱ्याच कामाला निघालो आहोत. बादलीपाशी थांबली. काठाला दोन्ही हात लावून आत वाकली. बराच वेळ वाकून बघत राहिली. आतला आवाज थांबला.

मग तिने हात घातला, सात नंबरला दंडाला धरून बाहेर काढलं, उलटं केलं, शेपटाखाली पाहिलं आणि पोटाशी धरलं.

“पाह्यलं,” मावशी बोळ्यातून पुटपुटल्या. “नीट पाह्यलं.”

तेवढ्यात आणखी दोघी आल्या. एकीने सात नंबरचा पाय ओढला, दुसरीने शेपूट. म्हातारीने दोघींना एकेक थप्पड दिली. त्या गडबडीत धक्का लागून बादली कलंडली, उतारावरून गडगडत निघाली. आवाज घुमला, तोच जुना, भरदार. सात नंबरने मान वळवली. बादली दगडांवरून उसळत खाली नाल्यात जाऊन पडली. सात नंबर तिकडे बघत होती. तिचा एक हात म्हातारीच्या केसांत होता, दुसरा मोकळा.

म्हातारीने तिच्या डोक्यात बोटं घातली. केस फाकवले, पाहिलं, पुढे सरकली. मोकळा हातही हळूहळू केसांत गेला.

कळप उठला आणि टेकडीच्या पलीकडे उतरला.

गौरी झुडपातून धावत वर आली. तिला ओरडायचं होतं, पण मावशी तिथे नव्हत्या. त्या बादली आणायला गेल्या होत्या. नाला तीस पावलांवर होता. मावशींना परत यायला पाऊण तास लागला. आल्या तेव्हा त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, “चीर वाढली बादलीची.”

एकतीसची गाडी रिकामी परत गेली. रामरावांनी पारावर पेढे वाटले, आणि सांगून टाकलं की ह्या साली तुरीवर गोफण चालवणार नाही. “आता पावणे झाले ना ते. पावण्याले दगड कसा माराव?” आणि वर, “पण तो हुप्प्या टोपीवर बसला तर पाहू.”

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. सात नंबर आता चांगली थोराड झाली आहे. कळप टाक्यावर येतो तेव्हा ती बाकीच्यांसारखीच पाणी पिते आणि बाकीच्यांसारखीच जाते. मावशी कडुनिंबाखाली बसून बघतात. हाक मारत नाहीत. शेजारी बादली असते, तिला हलक्या आवाजात सांगतात, “जाड झाली वं. खातेपेते घर दिसते.”

मागच्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका केंद्राने गौरीला विचारलं, की गोंगाटात राहिलेलं पिल्लू तुम्ही कसं वाढवलंत, सविस्तर लिहून पाठवा. गौरी म्हणाली, हे मी नाही, मावशी सांगतील, मी नुसती लिहीन. एका दुपारी दोघी कडुनिंबाखाली बसल्या. मावशी सांगत होत्या, गौरी त्यांच्याच शब्दांत उतरवत होती.

“लिहा. बादली प्लास्टिकची घ्याव. लोखंडाची कानात बसते. रोज एकाच टायमाले बोलाव. खोटं सांगाव नाही, पिल्लाले समजते. घरचं सांगाव, पण सुनेचं वाईट सांगाव नाही. सांगितलं तर थोडंच सांगाव. पाच महिने झाले का पिल्लाले बादलीसगट कळपापाशी न्याव. ठेवाव. मागं याव. तोंडात बोळा घालाव. पिल्लानं हाक मारली तरी बोलाव नाही. कितीबी मारली तरी.”

“पुढे?”

“कोणी येते. येतेच. घेऊन जाते.”

“मग? ते कळपात गेल्यावर सांभाळणाऱ्या बाईने काय करायचं?”

मावशी खोकल्या. टाक्याकडे पाहिलं. तीन वाजत आले होते.

“लिहा,” त्या म्हणाल्या, “पिल्लू कळपात गेल्यावर सांभाळणाऱ्या बाईनं...”

गौरी पेन धरून थांबली. चिंचेच्या बाजूने फांद्या हलल्या. पहिली वानरं उताराला लागली.

“थांबा मॅडम. हे मले अजून ठाऊक नाही. मी अजून करूनच राह्यली.” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि बादली घेऊन टाक्याकडे गेल्या.

पत्र अजून गौरीच्या टेबलावर आहे. तिकडून दोनदा विचारणा झाली. मावशी रोज म्हणतात, उद्या सांगते. शेवटची ओळ अशी आहे:

पिल्लू कळपात गेल्यावर सांभाळणाऱ्या बाईनं